वॉटसन आणि शार्क : एका चित्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रं कशी बघावीत यावर मी छोट्या गटांपुढे बोलते. विषय कोणताही असो, एक चित्र मी हमखास दाखवते : जॉन सिंगलटन कॉप्ली या चित्रकाराचं ‘वॉटसन आणि शार्क’. मी घरी पोचायच्या आत व्हॉट्सॲपवर प्रश्न येऊन पडलेले असतात आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. म्हणून ते इथे एकदा नीट उतरवून काढले आहेत. चित्र समोर उघडून मग वाचलंत तर जास्त हाती लागेल. ते कुठे मिळेल हे शेवटाकडच्या ‘प्रत्यक्ष कुठे बघता येईल’ या प्रश्नात आहे.

चित्रात नेमकं काय चाललंय? पहिल्या नजरेला नुसता गोंधळ दिसतो.

गोंधळच आहे, पण फार विचार करून मांडलेला. पुढ्यात, पाण्याच्या पातळीवर, एक गोरा तरुण मुलगा उताणा पडला आहे. अंगावर कपडा नाही, केस पाण्यात पसरलेले, तोंड उघडं, एक हात वर. त्याचं डोकं ज्या बाजूला आहे त्याच बाजूने, म्हणजे चित्राच्या उजव्या कोपऱ्यातून, शार्क जबडा वासून येतो आहे. मुलाच्या मागे एक नाव आहे आणि तीत नऊ माणसं आहेत. दोघं काठावरून वाकून मुलाला धरायला बघताहेत. एक टकलू म्हातारा त्यातल्या एकाचा सदरा मागून घट्ट धरून आहे, नाहीतर तोही पाण्यात जायचा. नावेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एकजण लोखंडी आकड्याची लांब काठी दोन्ही हातांनी उगारून उभा आहे, आता ती शार्कवर हाणणार. मधोमध, सगळ्यांत उंच, एक काळा खलाशी उभा आहे आणि त्याने दोर टाकला आहे. बाकीचे वल्ह्यांवर आहेत. मागे बंदर, जहाजांच्या डोलकाठ्या, किल्ला आणि हिरवट-करडं आभाळ.

एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. आपण, म्हणजे बघणारे, कुठे उभे आहोत? किनाऱ्यावर नाही आणि नावेतही नाही. आपण त्याच पाण्यात आहोत.

ही खरी घडलेली गोष्ट आहे की चित्रकाराच्या मनातली?

खरी. १७४९ मध्ये क्यूबातल्या हवाना बंदरात घडलेली. ब्रुक वॉटसन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा एका व्यापारी जहाजावर कामाला होता. जन्म इंग्लंडचा, आईबाप लहानपणीच गेलेले. म्हणून त्याला बॉस्टनला नातेवाइकांकडे पाठवलेलं, आणि तिथून तो जहाजावर लागला. हवानात जहाज नांगरलेलं असताना तो एकटाच पोहायला उतरला. कप्तानाला किनाऱ्यावर न्यायला नऊ खलाशी नाव घेऊन थांबले होते, त्यांच्या डोळ्यांदेखत शार्कने मुलाला पकडलं. पहिल्या हल्ल्यात उजव्या पायाच्या पोटरीखालचं मांस गेलं. दुसऱ्या हल्ल्यात घोट्यापासून पाऊलच तुटलं. शार्क तिसऱ्यांदा वळला तेवढ्यात नाव पोचली.

कॉप्लीने रंगवला आहे तो हा तिसरा फेरा. पाऊल आधीच गेलेलं आहे. लोक नेहमी विचारतात, “आता तो मुलाला चावणार का?” त्याचं उत्तर : दोनदा चावून झालंय.

मुलगा वाचला का? एवढंच सांगा, बाकी नंतर वाचते.

वाचला. हवानाच्या इस्पितळात गुडघ्याच्या खाली पाय कापावा लागला. तिथे तीन महिने काढून तो उठला आणि उरलेलं सगळं आयुष्य लाकडी पायावर चालला. चालला म्हणजे कसा, तर मोठा व्यापारी झाला, बँक ऑफ इंग्लंडचा संचालक झाला, १७८४ पासून नऊ वर्षं लंडन शहराचा खासदार होता, लॉइड्स या विमा संस्थेचा दहा वर्षं अध्यक्ष होता आणि १७९६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. १८०३ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला तेव्हा त्याने कुळचिन्हही असं घेतलं की त्यात समुद्रदेव नेपच्यून त्रिशूळ घेऊन शार्कला हुसकावतो आहे, आणि ढालीच्या एका कोपऱ्यात तुटलेला पाय आहे. १८०७ मध्ये तो गेला. माणूस म्हणून तो कसा होता, तो वेगळा प्रश्न आहे आणि तो खाली स्वतंत्र घेतला आहे.

कॉप्ली कोण? नाव कधी ऐकलं नव्हतं.

१७३८ साली बॉस्टनमध्ये जन्मलेला चित्रकार. सावत्र वडील पीटर पेल्हम तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापायचे. त्यांच्या घरात जे काही बघायला मिळालं तेवढंच याचं शिक्षण. ते वारले तेव्हा कॉप्ली जेमतेम तेरा वर्षांचा होता. बॉस्टनमध्ये तेव्हा ना कलाशाळा होती ना संग्रहालय. तरीही पंचविशीत तो तिथला पहिल्या क्रमांकाचा व्यक्तिचित्रकार झाला. टेबलाच्या पॉलिशमध्ये पडलेलं हाताचं प्रतिबिंब, रेशमाची चुणी, म्हाताऱ्या बाईच्या मनगटावरची सैल कातडी हे तो असं काढायचा की हात लावून बघावंसं वाटतं. सावत्र भावाचं खारीबरोबरचं चित्र त्याने लंडनला पाठवलं, ते १७६६ मध्ये तिथे प्रदर्शनात लागलं आणि जोशुआ रेनॉल्ड्ससारख्या बड्या चित्रकाराने त्याची वाखाणणी केली.

त्याचे सासरे रिचर्ड क्लार्क हे चहाचे अडत्ये. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात ब्रिटिश करावर चिडलेल्या लोकांनी जो चहा पाण्यात फेकला, त्यातला काही यांच्या नावावर आला होता. जावई दोन्ही बाजूंमध्ये समेट घालायला धावला, पण त्याचा उपयोग झाला नाही. १७७४ च्या जूनमध्ये त्याने बॉस्टन सोडलं, इटलीत जुने उस्ताद पाहिले आणि मग लंडनमध्ये बिऱ्हाड केलं. तो पुन्हा कधीच मायदेशी गेला नाही. १८१५ मध्ये लंडनलाच वारला.

त्याने हा प्रसंग स्वतः पाहिला होता का?

नाही. १७४९ मध्ये तो अकरा वर्षांचा होता आणि बॉस्टनमध्ये होता. तो हवानाला कधीही गेला नाही. मागचा किल्ला म्हणजे बंदराच्या तोंडावरचा मोरो. तो त्याने छापील चित्रांवरून घेतला. चित्र १७७८ चं आहे, म्हणजे घटनेनंतर एकोणतीस वर्षांनी. पण ज्याच्यावर गुदरलं तो माणूस लंडनमध्ये हयात होता आणि कॉप्लीच्या ओळखीचा होता. चित्र त्यानेच करून घेतलं असं मानतात, आणि ते अखेरपर्यंत त्याच्याच मालकीचं होतं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चित्रकाराने काहीच पाहिलं नव्हतं, पण ज्याने सगळं पाण्यातून पाहिलं त्याने हे चित्र आयुष्यभर जवळ ठेवलं.

शार्क असा दिसतो? मला तर तो खोटा वाटतो.

तुमची नजर चोख आहे. हा प्रश्न बहुतेक वेळा कोकणातल्या किंवा मुंबईच्या कोळीवाड्यांशी नातं असलेल्या माणसांकडून येतो, कारण त्यांनी मुशी, म्हणजे लहान शार्क, हातात धरलेली असते. बाजारात टोपलीत पडलेली मोरी किंवा मुशी एकदा उलटी करून बघा. तोंड नाकाडाच्या खाली, पोटाच्या बाजूला असतं, अर्धचंद्रासारखं चिरलेलं. ओठ म्हणावेत असे ओठ नसतात. डोळे दोन बाजूंना. शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर कातडी पॉलिश पेपरसारखी लागते. आता कॉप्लीचा शार्क बघा. जाड मांसल ओठ आहेत. डोळे समोर बघताहेत, वाघाचे किंवा माणसाचे असावेत तसे. तोंड अगदी पुढे आहे.

कॉप्लीने जिवंत शार्क बहुधा बघितलाच नव्हता. प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांनी बघितला असेल. म्हणून त्याने शार्कला जमिनीवरच्या श्वापदाचा चेहरा दिला. मला ही चूक खटकते, मी ती लपवत नाही, आणि मुलांना आधी हीच चूक शोधायला लावते. पण ती सापडल्यावरही चित्राची भीती कमी होत नाही. का, ते पुढच्या उत्तरात.

मग याला वास्तवदर्शी चित्र का म्हणायचं?

शब्दाचा घोळ आधी सोडवू. ‘वास्तववाद’ ही चळवळ फ्रान्समध्ये गुस्ताव्ह कूर्बेच्या काळात, म्हणजे १८४० नंतर उभी राहिली. हे चित्र त्याच्या कितीतरी आधीचं आहे, त्यामुळे त्या अर्थाने ते वास्तववादी नाही. इथे म्हणायचं ते इतकंच की अंग, कापड, पाणी, उजेड डोळ्यांना दिसतात तसे रंगवले आहेत आणि विषय खऱ्या आयुष्यातला आहे.

या दुसऱ्या गोष्टीला तेव्हा धाडस लागत होतं. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर काय काढायचं याचा संकेत पक्का होता : देव, संत, राजे, सेनापती, पुराणातल्या कथा. बेंजामिन वेस्टने १७७० मध्ये जनरल वुल्फचा मृत्यू रंगवला तेव्हा त्याने माणसांना रोमन झग्यांऐवजी त्यांच्या काळातले कपडे घातले, तेवढ्यावरून चर्चा झाली. तिथे निदान सेनापती तरी होता. कॉप्लीने त्याच मापात एक अनाथ पोऱ्या आणि नऊ खलाशी काढले. कोणी राज्य जिंकलेलं नाही, कोणी धर्मासाठी मेलेलं नाही. रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेच्या १७७८ च्या प्रदर्शनात चित्राला जे नाव दिलं होतं त्यात वॉटसनचं नावही नव्हतं. एक मुलगा, त्याच्यावर शार्कचा हल्ला, नावेतल्या खलाशांनी केलेली सुटका, हवाना बंदरात घडलेल्या सत्य घटनेवर आधारित, एवढंच. पुढच्याच वर्षी अकादमीने कॉप्लीला पूर्ण सभासद करून घेतलं.

आणि भीती का कमी होत नाही? कारण माणसं खोटी नाहीत. शार्कवर तळहात ठेवून तो झाका आणि फक्त चेहरे बघा. वाकलेल्या दोघांच्या मानेच्या शिरा, त्या म्हाताऱ्याची सदऱ्यावरची मूठ, वल्हं धरून मागे वळून बघणाऱ्याचे डोळे. पाण्यात काय आहे हे या चेहऱ्यांवरून कळतं. कॉप्लीने आयुष्यभर चेहरेच रंगवले होते आणि चेहऱ्यांत तो चुकत नव्हता.

पाऊल तुटलंय तर रक्त कुठे आहे?

आहे, पण शोधावं लागतं. मुलाचा उजवा पाय डाव्या हाताला पाण्यात जातो तिथे बघा. पाऊल असायला हवं तिथे ते नाही, आणि हिरव्या पाण्यात तांबूस छटा उतरली आहे. कॉप्लीने जखम उघडी दाखवली नाही. पाण्याने ती झाकली, पण पुसली नाही. छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, मोठं करून बघा.

मुलगा नागडा का दाखवलाय? वर्गात दाखवताना अवघड होतं.

तो पोहायला उतरला होता, आणि त्या काळातली पोरं कपडे काढूनच पोहत. आपल्याकडच्या विहिरींवरची जुनी पिढी हे सहज मान्य करील. दुसरं कारण कलेतलं आहे, ते पुढच्या उत्तरात येतं.

यातल्या आकृत्या जुन्या पुतळ्यांवरून उचलल्या आहेत असं वाचलं. ही नक्कल नाही का?

उचलल्या आहेत, अगदी सरळ. मुलाच्या अंगाची ठेवण ‘बोर्गेझे योद्धा’ या प्राचीन पुतळ्यासारखी आहे. लढायला झेपावलेला तो योद्धा आडवा करून पाण्यात टाकल्यासारखी. वेदनेने मागे गेलेल्या चेहऱ्यात व्हॅटिकनमधला लाओकोऑन आहे, म्हणजे मुलांसकट सापांच्या विळख्यात सापडलेला पुजारी. काठावरून वाकलेले दोघं राफाएल या इटालियन चित्रकाराच्या मासेमारीच्या प्रसंगातून आले आहेत. काठी उगारलेला खलाशी म्हणजे सैतानाला भाला मारणारा देवदूत मायकेल. हे सगळं कॉप्ली इटलीत नुकतंच बघून आला होता.

पण नक्कल आणि रियाज यात फरक करायला हवा. १८५७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही विद्यार्थी ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून वर्षानुवर्षं रेखाटनं करत. धुरंधर, हळदणकर यांच्या पिढीचा हात त्यातूनच तयार झाला. मानवी शरीर ताणलं, वळलं, कोसळलं की कसं दिसतं याचा तो पाठ होता. गवय्याने पाठ केलेली बंदिश मैफलीत तो कशी मांडतो ते आपण ऐकतो, तसंच इथे बघायचं.

मला यात सगळ्यात आवडतं ते असं : मूळ पुतळ्यातला योद्धा सशक्त आहे, हल्ला चढवतो आहे. कॉप्लीने तीच ठेवण असहाय मुलाला दिली. स्नायू लढणाऱ्याचे, पण पायाखाली जमीन नाही.

मधोमध उभा असलेला काळा माणूस कोण आहे? तो गुलाम आहे का?

त्याचं नाव कुणी नोंदवलेलं नाही. चित्रावरून तो खलाशी दिसतो. अठराव्या शतकात अटलांटिकच्या जहाजांवर काळे खलाशी सर्रास असत, काही गुलाम, काही स्वतंत्र.

सुरुवातीच्या रेखाटनात कॉप्लीने या जागी गोरा माणूस काढला होता. नंतर तो बदलला. डेट्रॉइटच्या संग्रहालयात त्याने याच सुमारास केलेला एका काळ्या माणसाच्या चेहऱ्याचा तैलरंगातला अभ्यास आहे. तो समोर बसलेल्या खऱ्या माणसावरून केलेला आहे, हे बघताक्षणी कळतं. तोंड किंचित उघडं, नजर जिवंत. त्या काळच्या इंग्रजी चित्रांत काळी माणसं असायची ती कोपऱ्यात, तबक किंवा घोड्याचा लगाम धरून. इथे तो सगळ्या रचनेच्या शिखरावर आहे आणि मुलाला जोडणारा दोर त्याच्या हातात आहे.

यावर जाणकारांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, हा माणुसकीचा गौरव आहे. दुसरा म्हणतो, नीट बघा, प्रत्यक्ष धडपड गोरे करताहेत, हा फक्त हात पुढे करून उभा आहे. मी स्वतः पहिल्या बाजूला झुकते, आणि त्याचं कारण त्याचा हात. तो पसरलेला हात आणि मुलाचा वर आलेला हात एकमेकांचं उत्तर असल्यासारखे आहेत. झाकून बघा, चित्र मोडतं.

वॉटसन स्वतः चांगला माणूस होता का?

हा प्रश्न वरच्या उत्तरानंतर लगेच येतो आणि यायलाच हवा. वॉटसनचा व्यापार वेस्ट इंडीजशी, म्हणजे गुलामांच्या मेहनतीवर चाललेल्या दुनियेशी जोडलेला होता. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेत गुलामांचा व्यापार बंद करण्यावर वाद झाला तेव्हा तो बंदीच्या विरोधात बोलला. म्हणणं असं की गुलाम नसतील तर न्यूफाउंडलंडची मच्छी, तिच्यातला दुसऱ्या कुणी खाणार नाही असा भाग, घेणार कोण. चित्रात ज्याच्या हातात दोर आहे त्याच्यासारख्यांबद्दल हे उद्गार.

हे कळल्यावर मला पुष्कळ दिवस चित्राकडे बघवत नव्हतं. आता मी ते शिकवताना ही गोष्ट टाळत नाही, उलट आवर्जून सांगते. पाण्यातला चौदा वर्षांचा मुलगा आणि संसदेतला छप्पन्न वर्षांचा माणूस एकच आहेत. चित्र फक्त पहिल्याचं आहे.

हे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाचं रूपक आहे का?

तसा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत. युद्ध १७७५ मध्ये सुरू झालं होतं, कॉप्लीची जन्मभूमी इंग्लंडपासून तुटत होती, आणि तुटलेले अवयव ही त्या वादातली जुनी प्रतिमा. वसाहती गमावलेली ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन, हातपाय तुटलेल्या बाईसारखी दाखवणारं चित्र अमेरिकन नेते बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६० च्या दशकातच वाटलं होतं. कॉप्लीच्या घराचं काय झालं ते वर आलंच आहे. तरी मला हा अर्थ ओढूनताणून वाटतो. ज्या माणसाचा पाय खरोखर तुटला आहे त्याच्यासाठी चित्र काढताना चित्रकाराने पायाचं रूपक केलं असेल असं मन घेत नाही. तारणाचा धार्मिक अर्थ मात्र त्या काळच्या प्रेक्षकाला आपोआप लागला असणार, तो देवदूत मायकेल नाळेवर उभाच आहे.

याला ‘माणूस आणि श्वापदाची झुंज’ म्हणावं का? मुलगा तर लढतच नाही.

बरोबर, आणि इथेच हे चित्र शिकारीच्या चित्रांपेक्षा वेगळं पडतं. रूबेन्स या चित्रकाराच्या वाघ-सिंहांच्या शिकारी आठवा. तिथे माणूस घोड्यावर, हातात शस्त्र, आणि तो स्वतः होऊन जनावराच्या वाटेला गेलेला. आपल्याकडच्या दरबारी चित्रांतही राजा वाघ मारतो तो राजा असल्याचं दाखवायला. इथे उलट आहे. जनावर आपल्या घरात आहे आणि माणूस उघडा, निःशस्त्र, पाय नसलेला. झुंज त्याच्या वतीने दुसरे देताहेत. शार्कशी लढतो आहे एकच, नाळेवरचा. बाकी सगळे लढताहेत ते अंतराशी.

नेटवर याच चित्राच्या तीन वेगवेगळ्या प्रती दिसतात. खरं कोणतं?

तिन्ही कॉप्लीच्याच हातची. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमधलं ते मूळ, १७७८ मध्ये प्रदर्शनात लागलेलं, सुमारे १८२ बाय २३० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट उंच आणि साडेसात फूट रुंद. त्याच मापाची दुसरी प्रत कॉप्लीने स्वतःसाठी केली. ती त्याच्याकडे आणि मग त्याच्या मुलाकडे राहिली (हा मुलगा पुढे लॉर्ड लिंडहर्स्ट म्हणून इंग्लंडचा लॉर्ड चान्सलर झाला). १८८९ पासून ती बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. तिसरी १७८२ ची, बरीच लहान आणि उभी, डेट्रॉइटला. ओळखायची खूण सोपी : चित्र उभं असेल तर डेट्रॉइटचं. वॉशिंग्टन आणि बॉस्टनमधला फरक फोटोवरून सांगणं मला जमत नाही, खालची ओळ वाचूनच सांगते. १७७९ मध्ये व्हॅलेंटाइन ग्रीनने केलेली काळी-पांढरी छापील आवृत्तीही पुष्कळ फिरते, ती चौथी समजू नका.

लहान मुलांना दाखवावं का? पाचवीतला मुलगा घाबरला.

वॉटसनला ते मुलांनीच बघावं असं वाटत होतं. त्याने मृत्युपत्रात हे चित्र लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटलला दिलं. नावावर जाऊ नका, ते इस्पितळ नाही, गरीब आणि अनाथ मुलांसाठी १५५२ मध्ये सुरू झालेली शाळा आहे. तरुणांना यातून चांगला धडा मिळेल असं त्याने लिहून ठेवलं होतं. पुढे कित्येक वर्षं ते शाळेकडे होतं आणि १९६३ मध्ये तिथून वॉशिंग्टनला गेलं.

माझी पद्धत सांगते. दहा वर्षांच्या आतल्या मुलांपुढे मी आधी चित्राचा खालचा भाग कागदाने झाकते आणि विचारते, ही माणसं काय बघत असतील? एका मुलीने सांगितलं होतं, “कुणाचं तरी बाळ पडलंय.” मग कागद हळूहळू खाली सरकवायचा. आणि शार्क दिसायच्या आधी सांगून टाकायचं की मुलगा वाचला. हे आधी सांगितल्याने काही बिघडत नाही. घाबरलेल्या तुमच्या मुलाला वरचं ‘मुलगा वाचला का’ हे उत्तर वाचून दाखवा, लाकडी पायाने मेयर होणं मुलांना फार आवडतं.

या चित्रामुळे शार्क उगाच बदनाम झाला नाही का?

काही अंशी झालाच. शार्कच्या पाचशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या मोजक्याच माणसाला धोकादायक आहेत. कॉप्लीने त्याला राक्षसाचं तोंड दिलं (तपशील वर ‘शार्क असा दिसतो?’ मध्ये). ते त्या काळचं अज्ञान होतं. आज दाखवताना शेजारी खऱ्या शार्कचा फोटो ठेवावा.

प्रत्यक्ष कुठे बघता येईल? छापून घरी लावलं तर चालेल का?

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत प्रवेश मोफत आहे. मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील तिथे अर्धा दिवस काढतातच, त्यांनी गडबडीत हे चुकवू नये. बॉस्टनला तिकीट लागतं. जाण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र त्या दिवशी भिंतीवर आहे ना ते बघून घ्या, चित्रं अधूनमधून हलवतात. घरबसल्या बघायचं तर नॅशनल गॅलरी स्वतःच मोठ्या आकारात चित्र विनामूल्य उतरवून घेऊ देते. हक्क केव्हाच संपले आहेत, छापा, लावा, पुस्तकात वापरा. छापताना एक काळजी : दुकानदार ‘ब्राइट’ करून देतात, त्यात पाण्याचा हिरवा पोपटी होतो आणि ती तांबूस छटा मरते. रंगाला हात लावू नका असं बजावून सांगा.

असं आणखी एखादं चित्र सुचवा.

एकच सुचवते, विन्स्लो होमरचं ‘गल्फ स्ट्रीम’, १८९९ चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातलं. डोलकाठी मोडलेली छोटी नाव, भोवती शार्क, क्षितिजावर वावटळीचा खांब, दूर एक जहाज. नावेत एकच माणूस, काळा, कोपरावर रेललेला, आणि शार्कांकडे न बघता भलतीकडे बघत असलेला. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा. कॉप्लीच्या नावेत मुलासाठी नऊ माणसं आहेत. होमरच्या माणसासाठी कोणी नाही. त्याचं पुढे काय होतं हे लोक होमरलाही विचारत राहिले.

वेळ कमी आहे. चित्रात एकच जागा बघायची तर कुठली?

वाकलेल्या दोघांची बोटं. ती मुलाच्या अंगाला लागलेली नाहीत. दोरही त्याच्या हाताशी आला आहे, पण मुठीत नाही. मुलाचा पंजा उघडाच आहे. मोठी प्रत असेल तर तिथे पट्टी ठेवून अंतर मोजा. माझ्याकडच्या छापील प्रतीत ते बोटाच्या एका पेराहून कमी भरतं.